घरी सिगार वळणे आणि उरलेल्या तंबाखूच्या पानांचा उपयोग : कोकणच्या हवेत काय सांभाळावे

आपला प्रश्न असा आहे की, निपाणीकडच्या मामांनी वाळवलेल्या तंबाखूची चार-पाच किलो अख्खी पाने फोंडा घाटातून देवगडला पाठवली आहेत. त्यांचे घरच्या घरी सिगार वळता येतील का, वळताना काय पथ्ये पाळावीत, आणि शेवटी ज्या शिरा, तुकडे व चुरा उरेल त्याचे काय करावे. निपाणीच्या वखारीत पानांची प्रतवारी करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आणि आता वेंगुर्ल्यास राहून मी स्वतःपुरते सिगार वळतो, म्हणून या दोन्ही बाजूंचे जे पक्के ठाऊक आहे ते सविस्तर लिहितो. सिगार वळता येतील, मात्र केवळ त्या पानांचे चांगले होणार नाहीत. आणि समुद्राकाठी हाताच्या सफाईपेक्षा ओलाव्याचा हिशेब अधिक महत्त्वाचा ठरतो.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. घरी वळलेला सिगार भेसळमुक्त असतो, पण त्यामुळे तो निर्धोक होत नाही. सिगारचा धूर अल्कधर्मी असल्यामुळे तो छातीत ओढला नाही तरी निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जाते, आणि तोंड, घसा व फुप्फुस यांच्या कर्करोगाचा धोका राहतोच. जो आज धूम्रपान करीत नाही त्याने केवळ पाने आयती मिळाली म्हणून सुरुवात करू नये. त्याच्यासाठी या उत्तरातला उरलेल्या पानांचा भाग अधिक उपयोगाचा आहे.

आता पानाविषयी. निपाणी आणि आसपासच्या पट्ट्यातला तंबाखू मुख्यतः विडीसाठी पिकवला जातो. तो उन्हात वाळवतात, त्यामुळे पान लवकर वाळते, जाड व चिकट राहते, आणि त्यात निकोटीन सिगारच्या पानापेक्षा बरेच जास्त असते. सिगारचे पान याउलट सावलीत, हवा खेळती असलेल्या छपराखाली टांगून चार ते आठ आठवडे सावकाश वाळवले जाते. या संथ वाळण्यात पानातला स्टार्च आणि साखर बहुतांशी संपून जाते, हिरवा रंग आधी पिवळ्यात व मग तपकिरी रंगात उतरतो, आणि धुराचा उग्रपणा कमी होतो. उन्हात झटकन वाळलेल्या पानात हे पुरतेपणी घडत नाही. म्हणून आपल्या मामांचे पान गाभ्यात (सिगारच्या आतल्या भरावात) जोर आणण्यासाठी, फार तर चौथा हिस्सा एवढेच वापरावे, असे माझे मत आहे. उरलेला गाभा तामिळनाडूतील दिंडिगुलकडच्या किंवा आंध्रातील गोदावरीच्या लंका बेटांवरच्या चिरुटाच्या पानाचा घ्यावा, आणि सर्वांत वरच्या आवरणासाठी उत्तर बंगालातील कूचबिहार जिल्ह्यात, दिनहाटाच्या बाजूला पिकणारे पातळ पान मिळाल्यास पाहावे. त्याच भागातून ‘मोतिहारी’ नावाचे पानही येते. ते निकोटियाना रस्टिका या वेगळ्या, अतिशय जहाल जातीचे असून हुक्क्यासाठी व खाण्यासाठी वापरले जाते. ते सिगारसाठी घेऊ नये.

पान कोठूनही आलेले असो, ते जळते कसे हे आधी पाहावे. पानाचा तळहाताएवढा तुकडा उदबत्तीने पेटवावा आणि विस्तव बोट-दोन बोटे आपोआप सरकतो का ते पाहावे. राख फिकट करडी आणि एकसंध पडली तर पान चांगले. काळी राख पडून विस्तव लगेच विझला तर त्या पानात क्लोराइड जास्त आहे असे समजावे. कोकणात हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. खाडीकाठच्या मचूळ पाण्यावर परसात चार रोपे वाढवणारे काहीजण मला भेटतात आणि पान दिसायला उत्तम असून पेटत का नाही असे विचारतात. तंबाखूचे झाड जमिनीतले क्लोराइड मुक्तपणे उचलून पानात साठवते, आणि असे पान कितीही जुने झाले तरी विस्तव धरत नाही. यावर नंतर कोणताही इलाज नाही. म्हणून परसात रोपे लावायची असतील तर गोड्या विहिरीचे पाणी द्यावे आणि पालाशासाठी (पोटॅशियमसाठी) क्लोराइडयुक्त म्युरेट ऑफ पोटॅश न वापरता सल्फेट ऑफ पोटॅश वापरावे. वळण्यापूर्वी पानावर शिंपडायचे पाणीसुद्धा मचूळ नसावे.

पान नाकाशी धरल्यावर अमोनियाचा झोंबरा वास जाणवला तर ते अजून मुरलेले नाही. मोठ्या व्यापारात पानांच्या थप्प्या रचतात; थप्पीच्या पोटात आपोआप उष्णता वाढते, ती साधारण ४० ते ५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राखण्यासाठी थप्पी मोडून आतले पान बाहेर व बाहेरचे आत असे पुन्हा रचतात, आणि या उलथापालथीत अमोनिया निघून जातो. चार-पाच किलो पानांची थप्पी मात्र स्वतः तापत नाही, त्यामुळे घरी हा प्रयोग करणाऱ्यांच्या हाती बहुधा बुरशी लागते. घरगुती उपाय म्हणजे काळ. जेमतेम वाकेल इतक्याच ओलाव्याचे पान काचेच्या बरणीत सैलसर भरावे, महिन्यातून एकदा झाकण उघडून हवा द्यावी आणि एक वर्ष थांबावे. कोकणातल्या उष्ण हवेत एका वर्षात पानात जो गोडवा येतो तो घाईने कोणत्याही युक्तीने आणता येत नाही. काही लोक गुळाचे पाणी किंवा काजूची दारू शिंपडण्याचा सल्ला देतात. गुळाने पानाला चिकटपणा व बुरशी येते आणि दारूचा वास काही दिवसांत उडून जातो, म्हणून या दोन्ही गोष्टी मी वर्ज्य मानतो.

आता ओलाव्याकडे वळू, कारण येथेच बहुतेकांचे काम बिघडते. अगदी कोरडे पान हातात चुरते. अतिओले पान वळता येते, परंतु वळलेला सिगार आतून कुजतो आणि ओढताना दमतो, म्हणजे धूर मोकळा येत नाही. गाभ्याचे पान किंचित कोरडे, म्हणजे वाकवल्यावर न मोडणारे पण मुठीत दाबून सोडल्यावर हलकी कुरकुर करणारे असावे. बांधणीचे पान, म्हणजे गाभ्याला गुंडाळून धरणारे, त्याहून मऊ, आणि आवरणाचे पान तर कमावलेल्या मऊ कातड्यासारखे, ताणले तर थोडे लांबणारे आणि अजिबात आवाज न करणारे असावे. तिन्हींचा ओलावा वेगवेगळा असल्यामुळे ती वेगवेगळ्या पिशव्यांत आदल्या रात्री तयार ठेवावी लागतात. आवरणाच्या पानावर बारीक फवाऱ्याने पाणी मारून ते झटकावे, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि सकाळी उघडावे. आषाढ-श्रावणात यातले काहीच करावे लागत नाही, कारण पडवीत रात्रभर टांगलेले पान पहाटे आपोआप मऊ होते. पण त्याच कारणाने पावसाळा वळण्याचा काळ नव्हे : वळलेला सिगार वाळतच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, सकाळी पूर्वेकडून कोरडा वारा येतो तेव्हा हे काम करावे. पाने मऊ करणे व वळणे पहाटे उरकून दुपारच्या हवेत सिगार सुकू द्यावेत.

पान मऊ झाल्यावर मधली शीर काढावी. गाभ्याच्या पानाची शीर देठाकडून पाऊण भाग काढली तरी चालते, मात्र बांधणीच्या व आवरणाच्या पानाची ती पूर्ण काढून दोन अर्धे करावेत. डावा आणि उजवा अर्धा एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात, म्हणून एका बाजूचा अर्धा ज्या दिशेने वळतो त्याच्या उलट दिशेने दुसरा वळावा लागतो. दोन्हींच्या गड्ड्या वेगळ्या ठेवाव्यात आणि एका बैठकीत एकाच बाजूचे पान वापरावे, म्हणजे हाताला सवय लागते.

गाभा भरण्याची पद्धत सिगारच्या ओढीचे भवितव्य ठरवते. सुरुवातीला १४ सेंटिमीटर लांब व १६ ते १७ मिलिमीटर जाड असा सिगार धरावा; त्याला गाभा, बांधणी व आवरण मिळून साधारण ८ ते १० ग्रॅम पान पुरते. झाडाच्या शेंड्याकडचे पान जाड, जोरदार आणि मंद जळणारे असते, तर बुडाकडचे पातळ, सौम्य आणि सहज जळणारे असते. म्हणून शेंड्याचे पान (आपल्याकडे मामांचे पान) नेहमी मध्यभागी ठेवावे व त्याच्याभोवती सौम्य पान यावे. उलट केल्यास बाहेरची कड मागे राहते आणि मध्यभागी बोगदा जळत जातो. प्रत्येक पान लांबीच्या दिशेने सैल चुण्या घालत गोळा करावे, म्हणजे चुण्यांमधून धुराला सलग वाट राहते. चुरगाळून गोळा करू नये आणि पिळू तर मुळीच नये. पानांची टोके पेटवायच्या बाजूला आणि देठाकडचे भाग तोंडाच्या बाजूला ठेवावेत, कारण टोकाकडचा भाग अधिक चांगला जळतो. मुठीत धरलेला गठ्ठा बोटांनी चाचपावा. जेथे कडक गाठ लागेल तेथून एक पट्टी काढावी आणि जेथे पोकळ लागेल तेथे लहान तुकडा सारावा. हे चाचपणे सवयीने येते आणि त्याला वाचनाचा पर्याय नाही.

बांधणीचे पान तिरपे पसरून, त्यावर गठ्ठा ठेवून तळहाताने पुढे ढकलत वळावे. तयार झालेली वळी साच्यात घालावी लागते. परदेशी साचे मागवण्याची गरज नाही. घराच्या विजेच्या कामात वापरतात तसला योग्य आतल्या व्यासाचा पीव्हीसी पाइप घेऊन तो लांबीत कापून दोन अर्ध्या पन्हळी केल्या आणि त्यांवर रबरी पट्टे चढवले की काम भागते. ज्यांना हे लाकडात हवे असेल त्यांनी सावंतवाडीच्या चितार आळीतील कारागिरांकडून दोन भागांचा साचा करून घ्यावा. लाकडी खेळण्यांचे काम करणाऱ्या हातांना तो अवघड नाही. वळी साच्यात पाऊण तास ठेवावी, पाव वळसा फिरवून पुन्हा तेवढाच वेळ ठेवावी, म्हणजे साच्याची शिवण अंगावर उमटत नाही. साच्यातून काढल्यावर तोंडाला लावून नुसती हवा ओढून पाहावी. दमत असेल तर तेव्हाच उलगडून पुन्हा भरावी. आवरण चढल्यावर ती दुरुस्त होत नाही.

आवरणासाठी पानाची कड धारदार पात्याने सलग कापावी लागते. चांभाराची रापी या कामासाठी अत्यंत योग्य आहे, कारण तिचे अर्धगोल पाते दाबत नेले तर पान ओढले जात नाही. पान लाकडी फळीवर शिरांची बाजू वर करून पसरावे, म्हणजे वळल्यावर शिरा आत जातात आणि गुळगुळीत बाजू बाहेर येते. पानाचे टोक सिगारच्या पेटत्या बाजूला ठेवून तेथून सुरुवात करावी, एका हाताने पान हलके ताणत आणि दुसऱ्याने वळी फिरवत तोंडाकडे जावे. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर एक-तृतीयांश तरी चढला पाहिजे. तोंडाशी आवरणाची शेपटी निमुळती कापून चिकटवावी व त्यावर रुपयाच्या नाण्याएवढी गोल टिकली बसवावी. चिकटवण्यासाठी बाभळीचा स्वच्छ डिंक पाण्यात भिजवून वापरावा. तांदळाची खळही चालते, पण आपल्या हवेत तिला लवकर बुरशी येते. आवरणासाठी योग्य पान मिळालेच नाही, तर दिंडिगुलच्या पानांतले सर्वांत पातळ व न फाटलेले निवडून तेच चढवावे. आपटा किंवा टेंभुर्णी गुंडाळण्याचा मोह टाळावा. ती विडीची पाने आहेत, इतक्या जाड गाभ्याबरोबर ती समान वेगाने जळत नाहीत.

वळलेले सिगार दोन-तीन दिवस कोरड्या, सावलीच्या हवेत ठेवून मग बंद पेटीत किमान दोन महिने मुरवावेत. पेटीतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास हवी. ७० च्या वर कोकणातल्या तापमानात बुरशी धरते. त्यासाठी लहानसा आर्द्रतामापक घ्यावा, पण तो खरे सांगतो का हे आधी तपासावे. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते चिखलासारखे होईल एवढेच पाणी घालावे, झाकण व मापक एका हवाबंद डब्यात एक दिवस ठेवावेत. मापकाने ७५ टक्के दाखवले पाहिजेत, आणि जितका फरक दिसेल तितका पुढे मनात धरावा. या चाचणीला शुद्ध केलेले मीठच घ्यावे. शिरोड्याच्या किंवा अन्य कोणत्याही मिठागरातल्या जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते आकडा खाली ओढतात आणि तपासणी चुकते. पावसाळ्यात पेटीत ओलावा घालण्याऐवजी तो काढावा लागतो, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या आठवड्याने बदलाव्यात. पेटीसाठी तुणीचे लाकूड मिळाले तर उत्तम, कारण सिगारच्या पेट्यांसाठी जगभर वापरले जाणारे लाकूड याच कुळातले आहे. तंबाखू आजूबाजूचा वास फार लवकर ओढतो. सुके बांगडे, सोडे आणि आमसुले ज्या माळ्यावर आहेत तेथे ही पेटी चुकूनही ठेवू नये.

पांढरट, केसाळ ठिपके दिसले आणि पुसल्यावर डाग राहिला तर ती बुरशी आहे. असा सिगार टाकून द्यावा, पुसून ओढू नये. टाचणीएवढी गोल भोके दिसली तर तो तंबाखूचा भुंगेरा होय. उष्ण हवेत त्याची अंडी पेटीत फुटतात, आणि देवगडात वर्षातला बहुतेक काळ हवा त्याला अनुकूल असते. म्हणून वळण्यापूर्वीच सर्व पान पिशवीत घट्ट बांधून घरच्या फ्रीझरमध्ये आठ-दहा दिवस ठेवावे, नंतर एक दिवस खालच्या कप्प्यात ठेवून मग बाहेर काढावे, म्हणजे त्यावर पाणी सुटत नाही.

आता उरलेल्या पानांविषयी. आवरण व बांधणी कापताना निघालेले मोठे तुकडे वाया घालवू नयेत. ते बोटाच्या पेराएवढे करून, चाळणीने धूळ काढून आखूड गाभ्याच्या चिरुटांसाठी वापरावेत. चाळणीखालची बारीक पूड मात्र गाभ्यात परत जाऊ देऊ नये, कारण ती धुराची वाट बंद करते आणि जिभेला झोंबते. ही पूड किंवा फाटकी पाने भाजून मशेरी करण्याचा सल्ला घरातले कोणी देईल, तर तो ठामपणे नाकारावा. आपल्या किनाऱ्यावर कित्येक घरांत बायका दात घासण्याच्या निमित्ताने मशेरी लावत आल्या आहेत आणि त्यातून लागलेली सवय आयुष्यभर सुटत नाही; हिरड्यांना लावलेला तंबाखू तोंडाच्या कर्करोगाला थेट आमंत्रण देतो. आपल्या हातून तयार झालेली पूड त्या डबीत जाऊ नये.

शिरा आणि देठ यांचे खरे मोल बागेत आहे. त्यांत पालाश भरपूर असतो, म्हणून बारीक तोडून शेणखताच्या खड्ड्यात थराथराने टाकाव्यात आणि पूर्ण कुजल्यावर नारळाच्या किंवा पोफळीच्या आळ्यात घालाव्यात. ताज्या शिरा उघड्यावर टाकू नयेत. शेळी किंवा वासराने त्या खाल्ल्या तर निकोटीनने विषबाधा होते.

उरलेल्या चुऱ्याचा दुसरा उपयोग मावा मारण्यासाठी काढा करणे हा आहे. ५०० ग्रॅम टाकाऊ तंबाखू साडेचार लिटर पाण्यात अर्धा तास उकळावा किंवा एक दिवस भिजत ठेवावा, गाळून त्यात १२० ग्रॅम साधा कपड्यांचा साबण वेगळा विरघळवून मिसळावा, आणि फवारताना त्यात सहा-सात पट पाणी घालावे. चवळी, वाल आणि जास्वंद यांवरच्या माव्यावर याचा चांगला परिणाम होतो. भांडे स्वयंपाकाचे नसावे, उकळणे घराबाहेर करावे, आणि हातात रबरी मोजे असावेत, कारण ओल्या तंबाखूतले निकोटीन त्वचेतून शिरते व मळमळ आणि चक्कर आणते. मिरची, वांगी आणि टोमॅटो यांवर हा काढा मुळीच फवारू नये. ही झाडे तंबाखूच्याच कुळातली असून वाळलेल्या पानातही तंबाखूचा मोझॅक विषाणू दीर्घकाळ जिवंत राहतो. त्याच कारणाने पाने हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मिरचीच्या वाफ्यात जाऊ नये. निकोटीन मधमाश्यांनाही मारते, म्हणून मोहोर आलेल्या आंब्याकाजूवर हा काढा वापरू नये व इतरत्रही सूर्यास्तानंतरच फवारावा. फवारलेल्या शेंगा निदान आठ-दहा दिवस तोडू नयेत.

शेवटी कायद्याचा भाग. स्वतःपुरते चार सिगार वळणे आणि ते विकणे या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. विक्री केली की नोंदणी, कर आणि २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याखालील सर्व बंधने लागू होतात. वेष्टनाच्या ८५ टक्के भागावर चित्रमय इशारा छापणे त्यांतलेच एक आहे. १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकणे हा गुन्हा आहे, आणि सार्वजनिक ठिकाणी ओढण्यास मनाई आहे. देवगडला येणाऱ्या पर्यटकांना ‘घरगुती सिगार’ म्हणून विकावेत असा विचार मामांनी किंवा अन्य कोणी सुचवला असेल, तर या नियमांची पूर्ण माहिती घेतल्याशिवाय एकही नग घराबाहेर देऊ नये.